पाण्याचा रिपोर्ट ओके आलाय. पण तपासायला सांगितलं काय होतं?

लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या बोअरला दर पावसाळ्यात आठ-दहा दिवस रॉकेलसारखा वास येतो. यंदाही आला. सेक्रेटरी काकांनी लगेच पाणी तपासून आणलं आणि ग्रुपवर रिपोर्ट टाकला. टीडीएस, हार्डनेस, पीएच, क्लोराइड, कॉलिफॉर्म. खाली शिक्का: पिण्यायोग्य. धडाधड अंगठे. मी लिहिलं, "काका, यात पेट्रोल-डिझेलचं काहीच तपासलेलं नाहीये." उत्तर आलं, "अहो मॅडम, लॅबनं सगळं तपासलंय."

लॅबची चूक नाही. शुगर बघा म्हणून रक्त दिलं तर ते थायरॉइड कशाला बघतील?

मी भूगर्भशास्त्रवाली, निम्मं आयुष्य बोअरच्या कडेला उभं राहण्यात गेलंय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी पेट्रोल पंप होता. आता तिथे खाली दुकानं, वर ऑफिसं. जमिनीतल्या टाक्या कधी काढल्या, खड्ड्यातली माती कुणी तपासली का, विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. खापर त्या पंपावरच फोडत नाहीये मी. वास ड्रेनेजचा असेल, कुणाच्या जनरेटरच्या डिझेलचा असेल. पण ते शोधावं तर लागेल ना!

आता एक हिशेब. बीएस-६ पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेन्झीन चालतं, म्हणजे लिटरमागे जवळजवळ ९ ग्रॅम. हे रक्ताचा कर्करोग घडवणारं रसायन. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे कागदावर १ लिटर पेट्रोल साडेआठ लाख लिटरच्या वर पाणी नासवू शकतं. १० हजार लिटरचे ८५ टँकर. पंपावर रोज डिप घेतात, म्हणजे टाकीत मापाची काठी बुडवून पातळी बघतात, टाकीच्या तळाला पाणी आलंय का ते पेस्ट लावून बघतात. मोठी गळती त्यात सापडते. थेंब थेंब झिरपणारं मात्र बाष्पीभवनाच्या आणि उन्हा-थंडीच्या घटीत खपून जातं.

आणि पुण्याची जमीन म्हणजे वर मुरूम, खाली कुठे मांजऱ्या (बारीक भोकाभोकांचा खडक), कुठे काळा पाषाण, सगळीकडे फटी. वाळूच्या जमिनीत पाणी पसरत जातं, इथे ते फट धरून चालतं. टाकीच्या शेजारची बोअर स्वच्छ आणि चार बिल्डिंगा सोडून पाचवीला वास, असं होऊ शकतं. जमिनीतलं पाणी कुठल्या दिशेला उतरतंय ते कळायला निदान तीन बोअर लागतात, आणि आपल्या खडकात तीनही कधीकधी फसवतात.

त्यात पेट्रोल पाण्यावर तरंगतं. ते सापडणार पाण्याच्या वरच्या थरात. आपल्या बोअरला वरचे तीसेक फूट केसिंग, म्हणजे बंद पाइप, आणि पाण्याची मोटर पार खाली. म्हणजे जिथे बघायला हवं तोच भाग आपण बंद केलेला! पावसाळ्यात पातळी वर येते, उन्हाळ्यात खाली जाते, आणि तो थर खडकाला माखत राहतो. म्हणून नमुना एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसानंतर घ्यायचा.

काकांनी नमुना घेतला होता गच्चीवरच्या टाकीच्या नळाचा, मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत. बेन्झीन उडून जाणारं. टाकीत पडतानाच बरंचसं गेलं असेल, उरलेलं स्कूटरच्या डिकीत. या चाचणीला ४० मिलीची काचेची कुपी लागते, काठोकाठ भरलेली, आत एक बुडबुडा नको, आणि थेट बर्फात.

नवीन पंप शाळा-दवाखान्यांपासून आणि वस्तीपासून ५० मीटर लांब असावा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये सांगितलं. ठीक. पण खडकातल्या फटीला ५० मीटर म्हणजे काय! जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी केंद्राचे नियमही आले, खर्च दूषित करणाऱ्यानं उचलायचा हे त्यात आहे. पण जागेवर संशय आहे हे आधी कुणीतरी सांगायला हवं ना? माझं म्हणणं एवढंच: पंप बंद करून टाकी उपसली की त्या खड्ड्यातल्या मातीचा आणि पाण्याचा रिपोर्ट जागेच्या कागदपत्रांत सातबाऱ्यासारखा लागलाच पाहिजे. त्याशिवाय बांधकाम परवानगी नको. बेसमेंट खणताना पाणी उपसून गटारात सोडलं की पुरावाही गेला.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय आपल्याच पुण्यात आहे. आणि आपण पाण्याचा वास घेऊन "पावसामुळे असेल" म्हणतो.

असो. बी विंगच्या पार्किंगमध्ये लोखंडी झाकणाखाली जुनी विहीर आहे. बिल्डरनं राडारोडा टाकून बुजवली नाही, हे आपलं नशीब. तिला केसिंग नाही, वरचा थर थेट हाती लागेल. कुप्या मी आणल्यात, बर्फाचा डबा जोशी काकूंचा. शनिवारी सकाळी सातला नमुना घेणार. झाकणाच्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे?