लुकलुकणारी वीज आणि युरोपातला तक्ता

काल गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कारखान्यातली रात्रपाळी संपवून फोंड्याला घरी परतलो, तेव्हापासून लिहायचं मनात आहे.

जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात वीज नुसती लुकलुकली, तर घरात पंखा क्षणभर मंदावतो. कारखान्यात मात्र गोळ्यांवर लेप चढवणाऱ्या कोटिंग मशीनचा ड्राइव्ह ट्रिप होतो, म्हणजे मशीन बंद पडतं. अर्धवट ओल्या गोळ्या पॅनमध्ये तशाच पडून राहतात आणि क्यूएवाला, म्हणजे गुणवत्ता बघणारा, येऊन बॅचवर ‘होल्ड’चं लेबल चिकटवतो. मग डेव्हिएशन, म्हणजे काय बिघडलं त्याची नोंद, लिहा, नमुने पाठवा, थांबा. महिनाअखेरीस युरोपातल्या मुख्य कार्यालयातून तक्ता दाखवून विचारणा येते, गोव्याचं उत्पादन का घसरलं? मशीन तेच, कार्यपद्धती तीच, दुसऱ्या देशातला कारखाना पुढे का?

कारण कारखाना ज्या देशात उभा असतो, तो देशही त्याच्या ताळेबंदात असतो. १९७३ च्या फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं, तेव्हा कोका-कोला भारतातून निघून गेली. २०१५ च्या जूनमध्ये मॅगीवर बंदी आली. डिचोलीतही मॅगी बनते. गोव्याच्या एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला, आपल्या तपासणीत नमुने ठीक आढळले होते, तरी माल थांबलाच, आणि त्या तिमाहीत नेस्ले इंडिया तोट्यात गेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. दोन्ही निर्णय याच देशातले.

लोकांचंही तसंच. आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीत थापर ड्युपाँटचा नायलॉन प्रकल्प यायचा होता. १९९५ मध्ये पोलीस गोळीबारात एक तरुण गेला आणि प्रकल्प गोव्याबाहेर गेला. पाणी-जमिनीबद्दल गावाने विचारलेलं मला आजही रास्त वाटतं. गावाला आधी विचारलं असतं तर तो पोरगा आज असता.

म्हणून सरकारला माझी कळकळीची विनंती आहे. करसवलतीच्या जाहिराती आता पुरे. आपली जवळजवळ सगळी वीज राज्याबाहेरून येते. निदान औद्योगिक वसाहतीतले फीडर, म्हणजे वीज पोचवणाऱ्या लाइनी, पावसाआधी नीट तपासा. आयटीआयच्या मुलांना आज चालणाऱ्या मशीनवर शिकवा.

आणि कंपन्यांनीही जागा ओळखावी. आमच्याकडे दरवर्षी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, निम्मी लाइन रिकामी व्हायची, आणि वरून खुलासा मागितला जायचा. नव्या प्लँट हेडने कामगारांना जवळ बसवून विचारलं, महिनाभर आधीपासून थोडा थोडा जास्त माल काढून ठेवला. गेल्या चवथीला सगळे घरी होते आणि एकही ऑर्डर अडली नाही.