खोळ, बुंथी आणि दहीबुत्ती

आमच्या भजनी मंडळाच्या वहीत ‘कानडा हो विठ्ठलु’ हा ज्ञानोबांचा अभंग आहे. त्यातल्या ‘आळविल्या नेदी सादु’चं वडिलांनी उतरवताना ‘साधू’ केलं आणि ‘नेदी’ची मात्रा मी खाल्ली. यंदा आषाढीच्या तोंडावर धाकटीने विचारलं, “पप्पा, नदीवरचा साधू कोण?”

नेदी म्हणजे देत नाही, सादु म्हणजे साद, असं सावरून घेतलं. तिचं बोट मागच्या ओळीवर सरकलं. “आणि ‘खोळ बुंथी घेऊनी खुणेची पालवी’?”

वीस वर्षं हा चरण मी डोळे मिटून म्हणतोय. मिटण्याचं कारण भक्ती नव्हे, हे तेव्हा कळलं.

मंडळात विचारून उपयोग नव्हता. बेळगावात हा अभंग निघाला की चर्चा ‘कानडा’च्या पुढे सरकत नाही. एकजण म्हणतो, कानडा म्हणजे कळायला अवघड. दुसरा म्हणतो, मग लगेच ‘करनाटकु’ कशाला? तिसरा 1956 च्या सीमाप्रश्नावर येतो, तोवर चहा येतो.

शेजारचे अण्णा कानडी. ऐकताच म्हणाले, “बुंथी? अदु नम्म बुत्ती!” बुत्ती म्हणजे शिदोरी. आपली दहीबुत्ती तीच. देवाने खोळीत दहीभात बांधला नि निघाला. तबलजीने भर घातली, पालवी म्हणजे कोवळी पानं, वाढून घ्यायला. तुप्पचं तूप झालं, अडकत्तरीचा अडकित्ता झाला, तर बुत्तीची बुंथी का नको? मी वहीत लिहिणारच होतो.

शेवटी दाते-कर्व्यांचा शब्दकोश काढला. बुंथी म्हणजे डोक्यावरून अंगभर घेतलेलं वस्त्र. पालवणे म्हणजे पदर हलवून खुणेने बोलावणे. अर्थ लागला, खरं डोळ्यांपुढे काही येईना.

दुसऱ्या दिवशी खानापूरकडच्या शेतात रोप लावण होती. पाऊस असा की बांधावरून हाक मारली तरी आपलीच आपल्याला ऐकू येऊ नये. चिखलात सात-आठ खोळी ओणवलेल्या. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसायचा आणि डोक्यावर घ्यायचा, झाली खोळ. आता खताची प्लॅस्टिकची पोती असतात, घडी तीच. “अगं ए!” म्हणून बायकोला तीनदा हाक मारली. साद नाही. समोर कोण, पाठमोरं कोण, कळेना. पाय सगळ्यांचेच चिखलात, पाऊल दिसेल तर शपथ. एवढ्यात एक खोळ उभी राहिली आणि पोत्याचं टोक हलवून मला पालवू लागली.

अख्खा अभंग गुडघाभर पाण्यात उभा होता! “सापडली, बुंथी सापडली!” ओरडत मी धावलो. दुसऱ्याच पावलाला चप्पल रुतली आणि मी दोन्ही बाहू पसरून आडवा झालो.

खोळीतून आवाज आला, तो थोरल्या वहिनींचा.

“भावजी, उठा की. खरं उठताना रोप धरू नका.”