अंतिम, अंतिम२ आणि काका

आमच्या संस्थेची माहितीपुस्तिका २४ पानांची. लिहिणारे चौघं: काका, ताई, अध्यक्ष आणि मी. पैकी अध्यक्ष दर वेळी "छान झालंय" एवढंच कळवतात, तेव्हा ते सोडून द्या. उरलेल्या तिघांनी दोन आठवड्यांत फोल्डरमध्ये वाढवलेली पिलावळ अशी: पुस्तिका_अंतिम, पुस्तिका_अंतिम२, पुस्तिका_अंतिम_ताई, पुस्तिका_अंतिम_हीच_घ्या आणि पुस्तिका_अंतिम_हीच_घ्या_कॉपी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. 'अंतिम'मध्ये शेवटचं प्रकरणच नव्हतं, आणि सगळ्यात ताजी निघाली ती नुसती 'पुस्तिका', कारण काका पहिल्या दिवसापासून मूळ फाइलच उघडून तिच्यात टंकत होते.

या मंडळींत मी 'कॉम्प्युटरवाला'. म्हणजे प्रिंटर अडला की हाक मारायचा माणूस. मला वाटलं, दाखवायची वेळ हीच. मी गिट आणलं, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारा प्रोग्राम.

गिट लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, कामासाठी लिहिलं. जगभरचे हजारो प्रोग्रामर ज्यात हात घालतात तो पसारा त्यावर सांभाळला जातो, तिथे आमच्या २४ पानांचं काय, असा माझा हिशेब. त्या हजारोंत काका नाहीत, हे लक्षात यायला मला तीन दिवस लागले.

"आधी ॲड, मग कमिट, मग पुल, मग पुश," मी सांगितलं. म्हणजे बदल निवडायचा, त्याची नोंद करायची, इतरांचे बदल आणायचे, आपले पाठवायचे. काकांनी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, "अरे, पण मी सेव्ह केलंय ना? मग हे परत कमिट कशाला? सेव्ह काय नुसतं म्हणायचं?" उत्तर माझ्याकडे होतं. काकांचा चेहरा बघून मलाच ते पटेना.

कमिट करताना काय बदललं ते ओळभर लिहायचं असतं. काकांनी लिहिलं: "सा. न. वि. वि. प्रकृतीस आराम असल्याने आज पान ७ पाहिले. तीन ठिकाणी 'कि'चे 'की' केले. कळावे, लोभ असावा." ताईंनी लिहिलं: "बघा." पुढच्या वेळीही "बघा." असे अकरा "बघा" झाले. त्यातल्या कुठल्या 'बघा'त काय बघायचं, ते एकेक उघडून बघा.

त्यात गिट फरक दाखवतं ओळीओळीने. प्रोग्रामच्या ओळी आखूड असतात. काकांचा परिच्छेद म्हणजे आठ वाक्यांची, मध्ये कुठेही एंटर न मारलेली एकच ओळ. तिच्यातला एक अनुस्वार हलला की जुना परिच्छेद अख्खा लाल, नवा अख्खा हिरवा. ताईंनी तो लाल पाहिला आणि फोन आला, "माझं सगळंच खोडलंत का हो?" शब्दाशब्दाने फरक दाखवायचीही सोय गिटमध्ये आहे. ती मला फोन ठेवल्यावर आठवली.

मग काका आणि ताईंनी एकाच दिवशी एकच वाक्य सुधारलं. गिट अशा वेळी निवाडा करत नाही. दोघांची वाक्यं एकाखाली एक ठेवून वर सात '<', मध्ये सात '=', खाली सात '>' असं कुंपण घालतं आणि पहिल्या कुंपणाला चिकटून इंग्रजीत 'हेड' लिहितं. आपण एक वाक्य ठेवायचं, बाकी सगळं काढायचं. ताईंनी नीट पाहिलं. मराठी पुस्तिकेत इंग्रजी शब्द नको म्हणून 'हेड'चं 'मथळा' केलं आणि कमिट केलं: "बघा." गिटनेही ते मुकाट्याने घेतलं. मी काही बघितलं नाही. मुद्रितं अध्यक्षांकडे गेली आणि त्यांचा निरोप आला, "छान झालंय. पान ९ वरची नक्षी विशेष."

रात्री त्या नक्षीकडे बघत बसलो तेव्हा कळलं की काका आणि ताई पहिल्यापासून जुन्या प्रती जपतच होते. फक्त नंबर घालायचं काम हाताने चाललं होतं, आणि हाताने चाललं की माणूस 'अंतिम' लिहितो. हे काम यंत्राने करायची युक्ती काही नवी नाही. १९७७ साली आलेल्या व्हीएमएस या संगणकप्रणालीत फाइल सेव्ह केली की जुनी तशीच राहायची आणि नवी अर्धविरामापुढे पुढचा आकडा घेऊन उभी राहायची: १, २, ३, थेट ३२,७६७ पर्यंत. काकांना पुरले असते, असं धरून चालू. इमॅक्स या मजकूर टंकायच्या प्रोग्रामलाही सांगून ठेवलं तर तो अशाच क्रमांकाच्या प्रती ठेवतो. ॲड नाही, पुश नाही, कुणाला वहीत काही लिहून घ्यायला नको.

गिट काढलं. आम्ही टंकतो त्या प्रोग्रामला एक छोटी स्क्रिप्ट जोडली. सेव्ह दाबलं की जुनी प्रत आकडा लावून शेजारच्या फोल्डरमध्ये जाते आणि एक खिडकी विचारते: कोण? काय केलं? एका वेळी एकानेच लिहायचं. दुसऱ्याने फाइल उघडली तर ती फक्त म्हणते, "आत काका आहेत." हे प्रोग्रामरांना दाखवलं तर हसतील. हसू देत, त्यांच्या संस्थेत काका नाहीत.

काल नोंदी चाळल्या. प्रत ४१, काका: "सा. न. वि. वि. सर्व विचार करता ताईंची प्रत २३ च बरी होती, ती परत आणली आहे. त्यांना कळवू नये. लोभ असावा."

प्रत ४२, ताई: "बघितलं."