नाणे वाजवून घेऊ नये

नाणेसंग्रहाच्या छंदात नव्याने पडणाऱ्यांना एकच कळकळीचा सल्ला द्यावासा वाटतो, तो म्हणजे नाण्याकडे पाहू नका. पूर्वीचे लोक नाणे दगडावर आपटून त्याचा नाद ऐकत, तळहातावर वजन जोखत आणि कडेचे दाते भिंगाखाली न्याहाळत. आता नाणे पारदर्शक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत येते, ती डबी कितीही आपटली तरी खणखणत नाही, आणि पारख करण्याचे कष्ट नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या एखाद्या संस्थेने शुल्क घेऊन आधीच उपसलेले असल्यामुळे तुम्हाला फक्त लेबलावरचा आकडा वाचता आला म्हणजे पुरे.

हा आकडा, म्हणजे नाण्याच्या स्थितीला मिळालेले गुण, १ ते ७० या दरम्यान असतो. शंभरपर्यंत का नाही, असे विचारून आपले अज्ञान उघडे पाडू नये. विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये जुन्या, मोठ्या आकाराच्या सेंटांसाठी ही मोजपट्टी आखली तेव्हा हिशेब सरळ होता: जेमतेम ओळखू येणारे नाणे एक डॉलरचे, तर तसेच निर्दोष नाणे सत्तर डॉलरचे. बाजारभावाने तो हिशेब केव्हाच मोडीत काढला, आकडे मात्र सगळ्या जगाच्या नाण्यांना चिकटले. हेच शेल्डन माणसांच्या शरीरयष्टीलाही १ ते ७ असे गुण देत असत. पुढे असेही उघडकीस आले की, अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी त्यांनी आपल्याकडचे हलक्या प्रतीचे सेंट ठेवले होते. यावरून उगाच नाक मुरडू नये. दोन सेंटांमधला फरक त्यांच्याइतका नेमका कळणारा माणूस दुसरा कोण होता?

न वापरलेल्या नाण्यांसाठी ६० ते ७० अशा अकरा पायऱ्या आहेत. टाकसाळीच्या पोत्यात नाणी एकमेकांवर आदळतात, त्यामुळे कोणाच्याही खिशात न गेलेल्या नाण्यावरही ओरखडे असतात, आणि ६४ व ६५ यांच्यातला फरक बहुधा अशा दोन-चार ओरखड्यांचाच असतो. ओरखडा मूर्तीच्या केसांत दडला तर क्षम्य, गालावर आला तर मात्र भोवतो. काही नाण्यांच्या बाबतीत या एका गुणाने किंमत दुपटीहून अधिक होते. म्हणून तुमच्या नाण्याला ६४ मिळाले, तर ते पुन्हा निरखत बसण्यापेक्षा डबी फोडावी आणि नाणे परत पाठवावे. परीक्षक दुसरा असेल, किंवा तोच असला तरी त्या दिवशी प्रसन्न असेल. जुने लेबल परत केले नाही, तर संस्थेच्या गणनेत तुमचे एकच नाणे दोन नाणी म्हणून मोजले जाते, आणि दुर्मिळतेचा अभ्यास करणाऱ्यांना तेवढाच विरंगुळा मिळतो.

नाणे घासू नये, हे खरे. ताटवाटीसारखे घासलेले नाणे अस्सल ठरले तरी त्याला आकडा मिळत नाही, नुसता दोषाचा शेरा मिळतो. मात्र तेच नाणे सौम्य आम्लात हलक्या हाताने बुडवून काढले आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, तर त्या चकाकीला मूळची झळाळी म्हणण्याचा प्रघात आहे.

बनावट नाण्यांची धास्ती बाळगण्याचेही कारण नाही. कार्ल विल्हेल्म बेकर (मृत्यू १८३०) हा जर्मन कारागीर प्राचीन नाण्यांच्या नकला पाडून त्या लोखंडाच्या किसासह पेटीत घालत असे आणि ती पेटी घोडागाडीला बांधून फिरवून आणत असे, म्हणजे नाण्यांना हवी तशी झीज येई. आज त्याच्या नकलाही संग्राहक हौसेने जमवतात. हल्लीचे नकलाकार इतकी मेहनत घेत नाहीत, ते थेट डबीचीच नक्कल करतात. त्यावर उपाय म्हणून लेबलावरचा त्या नाण्याचा स्वतंत्र क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहावा; पण नकलाकारही बहुधा खऱ्याच नाण्याचा क्रमांक छापत असल्यामुळे तो हमखास जुळतो. नोंदीत नाण्याचे छायाचित्र असेल तर तेवढे उघडू नये, कारण मग ते डबीतल्या नाण्याशी पडताळावे लागेल, आणि त्यासाठी नाण्याकडे पाहावे लागेल.