ती बाटली भरतीची की ओहोटीची?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ खाडीत मासे मरून वर आले की आमच्या गावाकडच्या व्हॉट्सॲप गटावर ठरलेला वाद सुरू होतो. मच्छीमार म्हणतात, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचं सांडपाणी. समोरचे म्हणतात, पाण्याचे नमुने तपासलेत, सगळं मर्यादेत आहे. मग बाहेरदेशी राहणारा कोणीतरी लिहितो, 'आमच्याकडे येऊन बघा, नद्या कशा काचेसारख्या आहेत.' मला सगळ्यात जास्त राग या तिसऱ्याचा येतो. मी लंडनमध्ये, थेम्सच्या काठाला राहतो. काचेसारखं इथे काही नाही.

लंडनच्या पश्चिमेकडच्या टेडिंग्टनच्या खाली थेम्स ही खाडीच आहे. लंडन ब्रिजपाशी उधाणाला पाणी सातेक मीटर चढतं आणि उतरतं. १९५७ साली इथल्या शास्त्रज्ञांनी ही नदी मेली असं जाहीर केलं होतं. पुढे सांडपाण्यावरची प्रक्रिया सुधारली आणि मासे परतले. पण लंडनच्या जुन्या भागात मैला आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून वाहतं. मोठा पाऊस झाला की ते सगळं नदीत जायचं. ऑगस्ट २००४ मध्ये अशाच एका पावसानंतर हजारो मासे मेले. त्यावर उपाय म्हणून बांधलेला २५ किलोमीटरचा बोगदा पूर्ण जोडला गेला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये.

तेव्हा स्वच्छतेचा दाखला म्हणून थेम्सकडे बोट दाखवू नये. मात्र तिचं पाणी ज्या तऱ्हेने मोजतात, ते आपण घ्यावं असं मला मनापासून वाटतं. नदीत ठिकठिकाणी बसवलेली यंत्रं दर पंधरा मिनिटांनी विरघळलेला प्राणवायू, तापमान, खारेपणा, गढूळपणा आणि अमोनिया टिपतात. प्राणवायू घसरला की पाण्यात प्राणवायू सोडणाऱ्या बोटी पाठवण्याची सोय इथे अनेक वर्षांपूर्वी केली गेली. आकडा त्याच घटकेला हातात असला तरच मासा मरायच्या आधी काही करता येतं.

आता वाशिष्ठीकडे या, दाभोळची खाडी हे तिचंच मुख. भरतीचं पाणी दाभोळहून पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढतं. वरून कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणी येतं, अगदी वैशाखातसुद्धा. म्हणजे खाडीत गोडं पाणी किती, हे त्या दिवशी जनित्रं किती चालली यावरही ठरतं. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खारं जड, ते तळाने आत शिरतं. त्याच जागी वरचं पाणी भरलं तर एक निकाल, तळातलं भरलं तर दुसरा. पूर्ण भरतीला बाटली भरलीत तर समुद्राचं पाणी मिसळून घाण पातळ झालेली दिसेल. ओहोटीच्या शेवटाला भरलीत तर आतून उतरलेलं सगळं सापडेल. शिवाय खाडीत पडलेली घाण नदीसारखी एका दिशेने निघून जात नाही, ओहोटीबरोबर खाली जाते आणि भरतीबरोबर परत वर येते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत पाण्याची ये-जा कमी, तेव्हा ती आणखी रेंगाळते.

मग 'नमुना मर्यादेत होता' या वाक्याला किती किंमत द्यायची? माझ्या मते, भरतीची वेळ आणि खोली सोबत नसेल तर काहीच नाही. हे मी मच्छीमारांच्या बाजूलाही सांगतो. ओहोटीला काठावरून भरलेली एक काळी बाटली घेऊन मोर्चा निघतो, पण सुनावणीत ती टिकत नाही.

आपल्या खाड्यांना चुकायला जागाही कमी आहे. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात जेमतेम ६. त्यातून आणखी दोन-तीन मिलिग्रॅम गेले की मासा तडफडू लागतो. त्यात प्राणवायू बहुतेकदा पहाटे सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर शेवाळं तो वापरतं, तयार करत नाही. दुपारी अकराला येऊन भरलेल्या बाटलीत पहाटेची तडफड कुठून दिसणार?

गटावरच्या एका काकांचं म्हणणं असं, की यंत्रांवर कशाला खर्च, तोच पैसा सांडपाणी शुद्ध करायला लावा. त्यांची कळकळ मला पटते. पण शुद्धीकरण केंद्र रात्री चालतं की नाही, हे खाडीतल्या यंत्राशिवाय कळणार कसं? आणि यंत्रं आपल्याला नवी नाहीत. मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांच्या सांडपाण्याच्या तोंडाशी ती बसवायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ सालीच सांगितलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की ती खाडीतही हवीत आणि आकडे कोणालाही मोबाइलवर बघता यावेत. उष्ण खाऱ्या पाण्यात यंत्रावर शेवाळ आणि शिंपले भराभर चढतात, ते वरचेवर खरवडावे लागतील. त्या कामाला काठावरची माणसं पगारावर घ्या.

आकडे उघडे झाल्याने काय होतं, ते मी इथे बघतो आहे. इंग्लंडमधल्या मैलापाण्याच्या तोंडांवर मोजणी बसली आणि २०२३ चा हिशेब आला: ४ लाख ६४ हजार वेळा, मिळून ३६ लाख तास मैलापाणी बाहेर. त्यात तास मोजलेत, पाणी किती आणि कसं ते नाही, ही त्या मोजणीतली उणीव आहे. तरीही देशभर संताप उसळला. आता असं पाणी सुटल्यापासून तासाभरात ते जाहीर करणं मैलापाणी हाताळणाऱ्या कंपन्यांना कायद्याने भाग आहे.

यंत्रं येतील तेव्हा येतील. तोवर नमुना घेताना निदान वेळ, खोली आणि भरतीची स्थिती लिहा, आणि गावातला एक माणूस पंच म्हणून बोटीत घ्या. भरतीची वेळ काढायला त्याला तक्ता लागणार नाही. आमच्याकडची शाळकरी पोरंही तिथीची पाऊणपट करून ती सांगतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.