गॅरी कोलमनच्या पैशांचं काय झालं?

अमेरिकन टीव्हीवरचा बालकलाकार गॅरी कोलमन याच्या 1999 च्या दिवाळखोरीबद्दल एका लेखात वाचलं. त्यातलं 'पैसा सांभाळता आला नाही' हे वाक्य मात्र फार लागलं. सांभाळायला तो त्याच्या हातात होता कुठे?

त्याला प्रसिद्धी देणारी 'डिफरन्ट स्ट्रोक्स' ही मालिका 1978 ला सुरू झाली तेव्हा गॅरी दहा वर्षांचा होता. मूत्रपिंडाचा आजार जन्मापासूनचा. पहिलं प्रत्यारोपण 1973 मध्ये, दुसरं 1984 मध्ये. आजार आणि औषधं यांमुळे उंची चार फूट आठ इंचांवरच थांबली, आणि त्या गोंडस गालांवर अख्खी मालिका चालली. पोरगं डायलिसिस करत काम करत होतं हो! माझा भाऊ डायलिसिसवर होता. घरी आला की दिवसभर उठवत नसे. त्यामुळे तो हसरा चेहरा मला आता बघवत नाही.

पुढे 1989 मध्ये त्याने आईवडील आणि मॅनेजरवर आपल्या कमाईच्या गैरवापराबद्दल दावा लावला. 1993 मध्ये सुमारे 12 लाख 80 हजार डॉलर मिळाले. बालकलाकारांच्या कमाईसाठी कॅलिफोर्नियात 1939 पासून जॅकी कूगन या जुन्या बालकलाकाराच्या नावाचा कायदा होता, पण त्यात पळवाटा होत्या. कमाई मुलाच्याच मालकीची आणि 15 टक्के रक्कम राखीव, ही पक्की सोय 2000 मध्ये झाली. म्हणजे गॅरी दिवाळखोर झाल्यावर.

आपल्याकडच्या नियमांतही किमान 20 टक्के कमाई मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायची आहे. ज्यांची मुलं मालिकांत किंवा गाण्याच्या स्पर्धांत आहेत, त्यांनी ती पावती मागून घ्या.