किनारा सरकारी आहे म्हणून पुळणीवर गाडी लावून झोपता येत नाही

‘कोकण किनारा, ७२० किलोमीटर, मुक्काम फुकट’ अशा थाटाचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की समुद्रकिनारा सरकारी म्हणजे सर्वांचा, त्यामुळे तिथे कॅम्परव्हॅन उभी करून झोपायला कोणाचीही परवानगी लागत नाही. ओहोटीनंतरची ओली वाळू डांबरी रस्त्याइतकी टणक असते. सुरूच्या बनात रात्री कोणी फिरकत नाही. राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन धोरणाने अशा मुक्कामाला मान्यताच दिली आहे. गाडीतल्या शौचाची पेटी भरतीच्या पाण्यात रिकामी केली की समुद्र सगळे पोटात घेतो. देऊळ, जेट्टी आणि पेट्रोल पंप तर कायमच खुले. आणि गोव्यात विचारण्याचेही कारण नाही.

असले संदेश मी एरवी न वाचता पुसून टाकतो. पण माझ्या आतेभावाने निवृत्तीनंतर एका ट्रॅव्हलर गाडीत पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली आहे, आणि हा संदेश मला पाठवताना खाली त्याने लिहिले की या वर्षी कोजागरीला पुळणीवरच मुक्काम करू, दूध तिथेच आटवू. बरोबर वहिनी आणि दोन नातवंडे असणार आहेत. तेव्हा उत्तर देणे भाग आहे, आणि ते सौम्य असेलच याची हमी मी देत नाही.

मालकीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते आधी मान्य करून टाकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २० नुसार भरतीरेषेखालील समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ ही राज्य शासनाची मालमत्ता आहे. कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही समुद्रकिनाऱ्यासारख्या नैसर्गिक संपत्तीचे शासन हे केवळ विश्वस्त आहे आणि लाभधारक जनता आहे, असे म्हटले आहे. संदेश लिहिणाऱ्याने एवढेच कुठेतरी ऐकले असावे. परंतु त्याच कलम २० मध्ये सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, पूल, नद्यांची पात्रे आणि नाले यांचीही नावे आहेत. मालमत्ता शासनाची म्हणून तिथे बिछाना घालण्याचा हक्क माझा, असे जर असते, तर मुंबई-गोवा महामार्गाच्या मधोमध शेगडी पेटवायलाही कोणाची हरकत नसती. किनारा सर्वांचा असणे याचा अर्थ सर्वांना तिथे जाता यावे, फिरता यावे, मासेमारी करता यावी एवढाच आहे. एकाने तो रात्रभर अडवावा असा नाही. सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम मुख्यतः बांधकामे, भराव आणि तत्सम उद्योगांविषयी आहेत आणि उभ्या गाडीविषयी त्यांत फारसे काही नाही, हेही मी नाइलाजाने कबूल करतो. पण एका नियमात बंदी लिहिलेली नाही याचा अर्थ बाकी सगळ्यांनी परवानगी दिली असा होत नाही. शिवाय भरतीरेषेच्या वर पाऊल टाकले की कोकणात बहुतेक ठिकाणी कोणाची तरी नारळी-पोफळीची वाडी लागते, आणि तिला कुंपण नाही याचा अर्थ तिला मालक नाही असा कोकणातले शेंबडे पोरही घेणार नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हे लिहायला बसलो तो मुद्दा. ओली वाळू टणक असते, तिच्यावर गाडी ‘रस्त्यासारखी’ चालते, असे संदेशात मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले आहे. हे विधान सूर्य मावळेपर्यंत खरे आहे. ओहोटीच्या वेळी वाळूतले पाणी निथळून कण एकमेकांत घट्ट बसतात, म्हणून चाक रुतत नाही. पाणी चढू लागले की वाळूच्या कणांमधल्या जागा पुन्हा पाण्याने भरतात आणि तीच जमीन वजन पेलेनाशी होते. त्यात प्रत्येक लाट मागे जाताना चाकाच्या बुडाची वाळू ओढून नेते. गाडी तिथल्या तिथे उभी असूनही वीतभर खाली जाते आणि एकदा तिचा आस वाळूला टेकला की तिच्या स्वतःच्या इंजिनाला काही करता येत नाही. चालक घाबरून जितका जोर देतो तितके चाक आपलाच खड्डा खोल करते. दापोली तालुक्यात कर्दे-मुरूडच्या बाजूला हौशी पर्यटकांच्या गाड्या अशा अडकल्याच्या आणि गावकऱ्यांनी ट्रॅक्टर किंवा जेसीबी लावून त्या ओढून काढल्याच्या बातम्या हंगामात येतच असतात. त्या गाड्या बहुधा दिवसाउजेडी अडकलेल्या असतात, म्हणजे आतली माणसे जागी असतात आणि मदतीला येणारीही जागी असतात.

रात्रीचे काय होते ते कोजागरीच्याच हिशेबाने पाहू. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते. जागेप्रमाणे अर्धापाऊण तास इकडेतिकडे होईल, पण आडाखा मोडत नाही. म्हणजे पौर्णिमेला सकाळी अकराच्या आगेमागे भरती, मग साधारण सहा तासांनी, संध्याकाळी पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी, आणि पुन्हा रात्री साडेअकराच्या सुमारास भरती. सहलीला निघालेला माणूस किनाऱ्यावर कधी पोहोचतो? सूर्यास्त पाहायला, म्हणजे नेमका ओहोटीला. त्याला समोर लांबच लांब, सपाट, टणक पुळण दिसते आणि तो गाडी लावतो. दूध आटून केशर पडेपर्यंत पाणी चाकाला लागलेले असते.

आणि हे पाणी साधे नसते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. उधाणाला पाणी जास्त चढते आणि जास्त उतरतेही, म्हणूनच संध्याकाळची पुळण नेहमीपेक्षा रुंद दिसते आणि अनोळखी माणसाची जास्त फसगत होते. मुंबईच्या बाजूला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांवर जातो. दक्षिणेकडे तो कमी होत रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात दोन-अडीच मीटरांपर्यंत येतो. दोन मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण पन्नास मीटर चालल्यावर एक मीटर चढ, अशा सपाट पुळणीवर दोन मीटर पाणी चढणे म्हणजे समुद्र शंभर मीटर आत येणे. ‘सकाळच्या ओल्या रेघेच्या वर गाडी लावा’ ही संदेशातली सूचनाही फसवी आहे, कारण दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात आणि सकाळची रेघ रात्रीच्या पाण्याला बांधील नसते. पंचांग घरोघरी असते, भरती-ओहोटीची कोष्टके मोबाइलवर दिसतात आणि यांतले काहीच जमले नाही तर किनाऱ्यावर जाळे विणत बसलेल्या कोणत्याही माणसाला विचारता येते. संदेशकर्त्याने या तिन्हींपैकी काहीच केलेले दिसत नाही.

सुरूच्या बनाविषयी आता. रात्री तिथे कोणी फिरकत नाही हे ज्याने लिहिले त्याला बहुधा माणसेच मोजता येतात. हे बन बऱ्याच ठिकाणी वनखात्याच्या लागवडीचे आहे, त्यामुळे तिथे पेटवलेली शेगडी हा वेगळा गुन्हा होऊ शकतो, ते असो. पण त्याच बनाच्या पुढ्यात, वेळास, आंजर्ले, गुहागरपासून खाली सिंधुदुर्गातल्या तांबळडेग-वायंगणीपर्यंत, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री वाळूत येऊन घरटी करतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम उभे केले आणि आज किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कासवमित्र पहाटे पुळण चालून घरटी शोधतात. किनाऱ्यावर दिवे आणि वर्दळ असली तर मादी अंडी न घालताच परतू शकते. पिले बाहेर पडली की उजळ क्षितिजाकडे धावतात, आणि गाडीच्या छतावरच्या एलईडी माळेला ती समुद्र समजतात. चाकाखालचे घरटे तर दिसतसुद्धा नाही. हे कासव १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये आहे, आणि त्या कायद्यातली ‘शिकार’ची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे: सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी खराब करणे, किंवा त्याच्या अंड्यांना वा घरट्याला उपद्रव देणे, हेही शिकारीतच मोडते. बंदूक लागत नाही. कॅम्परव्हॅन पुरते.

२०२१ चे कॅराव्हॅन धोरण संदेशकर्त्याने मथळ्यापलीकडे वाचलेले नाही. ते धोरण कॅराव्हॅनची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आणि कॅराव्हॅन पार्क उभारणाऱ्यांना सवलती, या दोन गोष्टींविषयी आहे. आणि पार्क म्हणजे जिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि गाडी लावायला नीट आखलेली जागा आहे असे ठिकाण. ज्या धोरणाचा सगळा भर ठरवून दिलेल्या जागांवर आहे त्यातून ‘कुठेही थांबा’ असा अर्थ काढायला विशेष प्रतिभा लागते.

शौचाच्या पेटीबद्दल लिहिताना मला थोडा वेळ थांबावे लागले, कारण पहिल्या मसुद्यातले शब्द छापण्याजोगे नव्हते. भरतीच्या पाण्यात ओतलेले समुद्र पोटात घेत नाही; ते पुढची ओहोटी पुळणीवर पसरून ठेवते, आणि पहाटे तिथेच रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे, ओढायला आलेली माणसे अनवाणी उभी असतात. वाळूत खड्डा करून पुरणे हा त्याहून वाईट सल्ला आहे. किनाऱ्यालगतच्या वाड्यांतल्या विहिरींचे गोडे पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा एक पातळ थर असतो; वाळू पाणी अडवत नाही, झिरपवते, आणि तुमच्या पेटीतले औषधी निळे द्रावण ज्या दिशेने झिरपेल तिथे कोणाचा तरी पोहरा असतो. युरोपात अशा पेट्या रिकाम्या करायला सोयी असतात, आपल्या किनाऱ्यावर त्या जवळजवळ नाहीतच. तेव्हा उपाय एकच: द्रावण न वापरता पेटी ठेवावी, कारण ते सेप्टिक टाकीतले उपयुक्त जिवाणू मारते, आणि मालकाला स्पष्ट विचारून ती घराच्या किंवा लॉजच्या संडासात रिकामी करावी. हे विचारायची लाज वाटत असेल तर पेटी घेऊ नये.

देऊळ, जेट्टी, पेट्रोल पंप यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. महामार्गावरच्या पंपावर डिझेल भरून, विचारून, कडेला रात्र काढू देतात, हे खरे आहे. ट्रकवाले वर्षानुवर्षे तेच करतात. देवळाच्या आवारात पुजाऱ्याला किंवा गावच्या मानकऱ्यांना विचारल्यावर नाही क्वचितच म्हणतात, मात्र विचारल्यावर. जेट्टी मात्र अजिबात नको. पहाटे होड्या लागतात, बर्फाचे टेम्पो येतात, लिलाव सुरू होतो, आणि तुमची गाडी नेमकी त्या वळणावर उभी असते; जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा जेट्टी मोकळी असेल असे वाटते, तर तेव्हा सुट्या जागेत शाकारलेल्या होड्या आणि जाळी असतात.

खरे तर कोकणात कॅम्परव्हॅनचा मुक्काम अवघड नाहीच. घरगुती राहण्याजेवणाची सोय करणाऱ्या कुटुंबांकडे आधी फोन करून ‘खोली नको, खळ्यात गाडी लावू द्या, रात्री जेवू आणि सकाळी आंघोळीला पाणी द्या’ असे सांगितले तर बहुतेक जण माफक पैशांत तयार होतात. गणपतीपुळे, हरिहरेश्वर, तारकर्ली इथे पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आहेत, तिथे व्यवस्थापकाला विचारता येते. गाडी मोठी असेल तर गावातला रस्ता आधी विचारून घ्यावा, कारण वाडीतल्या दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, ट्रॅव्हलर निघेलच असे नाही. हे फुकट नाही. पण ज्या गावाचे पाणी, सावली आणि किनारा आपण वापरतो त्याला दोन जेवणांचे पैसे देणे इतके का खटकावे, हे मला संदेश पुन्हा वाचूनही समजले नाही.

राहिला गोवा, जिथे म्हणे विचारण्याचेही कारण नाही. गोव्यात पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी २००१ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा ठिकाणी उघड्यावर स्वयंपाक करणे आणि दारू पिणे दंडनीय ठरवले: एकट्याला २,००० रुपये, गटाला १०,००० रुपये. दंडाच्या रकमा पुढे आणखी वाढवल्या आहेत. पुळणीवर गाडी घालणाऱ्यांवर तिथले पोलीस गुन्हे नोंदवतात आणि गाडी जप्त करतात, आणि त्या बातम्यांतल्या गाड्यांच्या पाट्या बहुतेक वेळा परराज्यातल्या असतात, आपल्यासुद्धा.